रील पाहणारी मुले आणि पस्तीस मिनिटांचा तास

शाळा सुरू होऊन महिना उलटला, की ‘शंका-समाधान’ या आमच्या सदराकडे शिक्षकांची पत्रे येऊ लागतात. यंदा ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत मोबाइल, वर्गातले पॅनल (बोटाने चालणारे मोठे पडदे) आणि चॅटजीपीटी यांचीच तक्रार जास्त आहे. निवडक पत्रांना इथे उत्तरे देत आहोत. पत्रे जागेअभावी थोडी आवरली आहेत.

आठवीच्या वर्गात ५८ मुले आहेत. दहाव्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते. रील बघून बघून मुलांचे लक्ष तीस सेकंदांपलीकडे टिकतच नाही, असे सहकारी म्हणतात. म्हणून मी छोटे व्हिडिओ दाखवू लागले. तेवढ्यापुरती शांतता होते, पण दुसऱ्या दिवशी विचारले तर पाटी कोरी! — विज्ञान शिक्षिका, ऐरोली

आधी त्या तीस सेकंदांबद्दल. माणसाचे लक्ष आता सोनेरी माशापेक्षाही कमी, म्हणजे आठ सेकंदच टिकते, असे प्रशिक्षणांतून सर्रास ऐकवले जाते. त्या आकड्यामागे संशोधन नाही. हीच मुले मोबाइलवरच्या खेळात तासभर मान वर करत नाहीत, कारण तिथे क्षणाक्षणाला काहीतरी ठरवावे लागते आणि चुकले की बरोबर, ते लगेच कळते. व्हिडिओ लावून तुम्ही मुलांच्या डोळ्यांसमोरचे चित्र बदललेत, त्यांच्याकडचे काम मात्र तेच राहिले : गप्प बसून बघणे.

तेव्हा तासाचे तुकडे मुलांच्या कामावरून पाडा. ‘बल व दाब’ या पाठातले प्लावक बल, म्हणजे द्रव वस्तूला वर ढकलतो ते बल, घ्या. दोन सारखे काचेचे ग्लास, प्रत्येकात पाव लिटर पाणी, बारीक मीठ, चमचा आणि बटाट्याच्या दोन सारख्या फोडी एवढेच सामान लागते. (अंड्यानेही होते, पण काही शाळांत अंडे आणायला परवानगी नसते. बटाट्यावर अजून कोणी हरकत घेतलेली नाही.)

पहिली चार मिनिटे फळ्यावर फक्त प्रश्न : ‘साध्या पाण्यात फोड बुडते. मीठ घातले तर काय होईल आणि का?’ प्रत्येकाने वहीत एक वाक्य लिहायचे. लिहायलाच लावा. हात वर करायला सांगितले की पाच मुले बोलतात आणि उरलेली ५३ सुटतात. पुढची आठ मिनिटे प्रयोग. एका ग्लासात एकेक सपाट चमचा मीठ घालून दर वेळी पूर्ण ढवळायचे. चहाच्या चमच्याने साधारण पाच-सहा चमचे पडल्यावर फोड वर येते. बटाटा जुना की नवा, यावर चमचाभर इकडेतिकडे होते. मधले ते ‘काहीच घडत नाही’चे चमचे गाळू नका. तेव्हाच मुले स्वतःचे वाक्य पुन्हा वाचतात. खडे मीठ वापरले किंवा ढवळायला आळस केला, तर तळाशी खारट आणि वर गोडे पाणी राहते आणि फोड मध्येच लटकते. तसे झाले तर लपवू नका, ती का लटकली तेच विचारा.

मग तीन मिनिटे शेजाऱ्याशी बोलणे, आठ मिनिटे तुमचे फळ्यावरचे स्पष्टीकरण, दोन मिनिटे पडदा, सहा मिनिटांत एक उदाहरण आणि शेवटची चार मिनिटे चिठ्ठी : आज काय कळले आणि काय अडले, एकेक ओळ. पडद्याच्या दोन मिनिटांत व्हिडिओचा आवाज बंद ठेवा आणि निवेदन मुलांकडून करून घ्या. कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ ही फुकट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करायचे प्रयोग, त्याहून बरी, कारण त्यांत मुलाने वजन किंवा द्रव बदलला की परिणाम तिथल्या तिथे दिसतो. अनेक सिम्युलेशन्स मराठीत आहेत. फाइल आधी उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय कोणत्याही ब्राउझरमध्ये चालते.

या आखणीत हमखास बिघडते ते सांधे बदलताना. सात तुकडे म्हणजे सहा सांधे. प्रत्येकी मिनिट गेले तरी सहा मिनिटे हवेत. म्हणून पहिले पंधरा दिवस चारच तुकडे ठेवा. वेळ संपल्याची खूण एकच ठरवा आणि ती वर्षभर बदलू नका. ग्लासावर चमचा वाजवला तरी पुरतो.

आता कोरी पाटी. बघितलेले ‘कळले’ असे वाटते आणि तिथेच फसगत होते. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. वर्गात याचा उपयोग साधा आहे. तास सुरू होताच तीन प्रश्न विचारा : एक कालचा, एक गेल्या आठवड्याचा, एक गेल्या महिन्याचा. वही मिटलेली, मिनिटे चार, तपासणी मुलांनी स्वतःची स्वतः करायची. गुण देऊ नका. गुण आले की शेजारच्याच्या वहीत डोकावणे आले आणि आठवण्याचा व्यायाम संपला. ही चार मिनिटे पहिल्या तुकड्याच्या जागी घाला. प्रयोगाच्या दिवशी प्रश्न एकच ठेवला तरी चालेल.

शाळेत ६५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनल बसवले आहे. मागच्या बाकांवरून वाचता येत नाही. कधी आपोआप रेघा उमटतात, कधी डावीकडची एक उभी पट्टी बोटाला दादच देत नाही. दुरुस्तीवाला येतो, पुसतो, जातो. आठवड्यात पुन्हा तेच. — सहशिक्षक, घणसोली

दुरुस्तीवाला पुसून जातो आणि तेवढ्यापुरते बरे होते, यातच निदान आले. बहुतेक शालेय पॅनलमध्ये स्पर्श काचेला कळत नाही. चौकटीच्या कडेतून काचेच्या जरा वर अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांचे अदृश्य जाळे सोडलेले असते आणि त्यात जे काही आडवे येईल, त्याला पॅनल बोट समजते. साडीचा पदर, ओढणी, शर्टाची बाही, पावसाळ्यात काचेवर बसलेला किडा, सगळे बोटच. खडूची भुकटी चौकटीच्या खाचेत बसली, की त्या जागचे किरण अडतात. मग एक तर तिथे सतत रेघ उमटते, नाही तर ती पट्टी मुकी होते. खिडकीतले थेट ऊनही किरणांना गोंधळात टाकते.

खडूचा फळा पॅनलला खेटून असेल तर निदान दीड-दोन फुटांचे अंतर करा. फळा कोरड्या डस्टरने झटकण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. रोज शेवटच्या तासानंतर पॅनल बंद करून चौकटीची आतली कड चारही बाजूंनी कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसून घ्या. काचेवर किंवा कडेवर पाणी वा कॉलिनसारखे द्रव थेट फवारू नका, ओघळ खाचेत जातो. एवढे करूनही पट्टी मुकीच राहिली, तर मात्र ती कळवण्याजोगी तक्रार. तेव्हा पट्टीचा फोटो काढून ठेवा, म्हणजे ‘आता तर चालतंय’ हे उत्तर ऐकावे लागणार नाही.

मागच्या बाकाचा प्रश्न गणिताने सुटतो. सहज वाचायला अक्षराची उंची अंतराच्या दोनशेव्या भागाएवढी लागते. शेवटचे बाक ७ मीटरवर असेल तर साडेतीन सेंटिमीटर. ६५ इंची पॅनलची उंची सुमारे ८१ सेंटिमीटर भरते. म्हणजे नेहमीच्या रुंद स्लाइडवर देवनागरी अक्षर ३६ पॉइंटच्या खाली नको आणि एका स्लाइडवर सातपेक्षा जास्त ओळी नकोत. पाठ्यपुस्तकाचे अख्खे पान पीडीएफमधून पडद्यावर लावणे, हा आपल्याकडचा लाडका प्रकार, या हिशोबात कुठेच बसत नाही. लावायचेच तर एक आकृती किंवा एक परिच्छेद मोठा करून दाखवा. आणि पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवू नका. रिचर्ड मायर यांनी बहुमाध्यम शिक्षणावर वर्षानुवर्षे प्रयोग केले. चित्र दिसत असताना तेच शब्द एकदम वाचायलाही आणि ऐकायलाही दिले, तर शिकणाऱ्यावर भार वाढतो, असे त्यांत दिसते. चित्र दाखवा आणि तोंडाने बोला. मजकूर लागलाच तर दोन-चार शब्द पुरेत.

पॅनलची खालची कड जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर असावी, म्हणजे पुढच्यांची डोकी आड येत नाहीत आणि पाचवीतल्या मुलाचा हातही पोचतो. पॅनलच्या अगदी पुढची ट्यूबलाइट बंद करा, मागच्या चालू राहू द्या. वर्गात पूर्ण अंधार केलात तर वहीत लिहिणे थांबते.

व्हिडिओ ऐनवेळी नेटवरून लावू नका. ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून साहित्य आधीच उतरवता येते. पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नसेल, तर तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. आतले सामान दुसरीकडे ठेवून तो एक्सफॅट करा, मात्र पॅनल एक्सफॅट वाचते का ते आधी बघा. आणि जुना फळा काढू देऊ नका. हलणारे ते पॅनलवर, तासभर डोळ्यांसमोर राहायला हवे ते फळ्यावर. स्लाइड सरकली की सूत्रही जाते, मग मागच्या बाकावरचा मुलगा शेजाऱ्याला विचारतो आणि आपण त्याला बोलल्याबद्दल रागावतो.

निबंध, प्रकल्प, सगळे चॅटजीपीटीतून येते. भाषा ओळखू येते, पण सिद्ध कसे करायचे? पकडणारे सॉफ्टवेअर घ्यावे का? — मराठीच्या शिक्षिका, नौपाडा, ठाणे

घेऊ नका. ही साधने माणसाने लिहिलेलेही यंत्राचे ठरवतात आणि मराठीच्या बाबतीत तर त्यांच्यावर विसंबण्यात अर्थच नाही. आठवीच्या वहीत ‘निष्कर्षतः’ किंवा ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’ दिसले की तुमच्या मनात पाल चुकचुकणार हे खरे. पण तो पुरावा नव्हे. एका मुलावर खोटा आळ आला, तर त्या वर्गात वर्षभर तुमचे कोणी ऐकणार नाही.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले. पण ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध त्याआधीही गाइडमधूनच येत होता. यंत्राला जो विषय न बघता लिहिता येतो, तो मुलालाही न बघताच लिहिता येत होता. विषयच असा द्या, की त्याचा कच्चा माल मुलाच्या डोळ्यांतून किंवा कानांतून यावा : शाळेच्या फाटकापासून घरापर्यंत ऐकलेले पाच आवाज, क्रमाने. किंवा ठाण्याच्या तलावपाळीवर एकाच बाकावरून दहा मिनिटांत दिसलेली माणसे. विज्ञान-गणितासाठी घरचे वीजबिल घ्या. त्यावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. सहा महिन्यांची युनिटे काढायची, स्तंभालेख काढायचा आणि सर्वांत उंच स्तंभाचे कारण घरी विचारून लिहायचे. ग्राहक क्रमांक आणि पत्ता मात्र झाकायला सांगा.

लेखनाचा क्रमही उलटा करा. पहिला मसुदा वर्गात, हाताने, दहा मिनिटांत. अर्धवट राहिला तरी तो गोळा करून त्यावर तारीख टाका आणि छायाप्रत किंवा फोटो स्वतःकडे ठेवा. घरी तो वाढवायचा. कोणाचीही मदत घ्या, आई, ताई किंवा यंत्र, पण खाली एका ओळीत लिहा : कोणती मदत, कोणत्या वाक्यासाठी. दुसऱ्या दिवसापासून रोज पाच मुलांना चिठ्ठी टाकून उभे करा आणि प्रत्येकी दोन मिनिटे विचारा : हा शब्द का निवडलास, हे वाक्य आधी कुठे होते. ५८ मुलांच्या वर्गात बारा दिवसांत सगळ्यांची फेरी होते. गुण मसुदा, पक्की प्रत आणि तोंडी उत्तरे या तिन्हींचे मिळून द्या आणि पक्क्या प्रतीचे सर्वांत कमी ठेवा. इथे शिक्षक एक चूक करतात : पहिल्या मसुद्यातल्या शुद्धलेखनाचे गुण कापतात. मग मूल मोकळेपणाने लिहीतच नाही, नंतर यंत्राकडूनच धुऊन आणते.

यंत्राला वर्गाबाहेर ठेवण्यापेक्षा फळ्यापाशी उभे करा. एक उतारा तयार करा, त्यात मुद्दाम चार चुका पेरा आणि मुलांना लाल पेन द्या. ठाण्यातल्या मुलांसाठी पहिल्या प्रवासी रेल्वेचा उतारा छान जमतो. गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली, अंतर ३४ किलोमीटर, १४ डबे, तीन इंजिने, सुमारे ४०० प्रवासी. उताऱ्यात साल १८३५ करा, गाडी ठाण्याहून बोरीबंदरला न्या, अंतर ५४ लिहा, इंजिन एकच ठेवा. साल मुले लगेच पकडतात, दिशा मात्र भल्याभल्यांच्या नजरेतून निसटते. तपासायला छापील पुस्तक किंवा शाळेच्या ग्रंथालयातला कोश द्या आणि प्रत्येक दुरुस्तीपुढे पान क्रमांक लिहायला लावा. मग त्याच उताऱ्यातली बेगडी मराठी सुधारा : ‘एक ऐतिहासिक क्षण होता जेव्हा…’ हे आजी कसे सांगेल?

वयाचेही भान असू द्या. चॅटजीपीटीच्या अटींनुसार १३ वर्षांखालच्यांना ते वापरता येत नाही आणि १८ पर्यंत पालकांची संमती लागते. २०२३ चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदाही १८ वर्षांखालील सर्वांना बालक मानतो. प्रगतिपुस्तकाचे शेरे लिहून घ्यायला मुलांची नावे, गुण किंवा फोटो अशा साधनात टाकू नका.

शाळेत मुलांना मोबाइल आणायला बंदी आहे, ती योग्यच. पण क्विझसारखे काही वर्गात करता येईल का? — गणित शिक्षक, कोपरखैरणे

येईल. प्लिकर्स नावाच्या साधनात मुलांकडे फक्त कागदी कार्डे असतात आणि फोन एकट्या शिक्षकाचा. प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी, ती ज्या बाजूने वर धराल ते उत्तर. कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिले ते नोंदले जाते. मोठा संच ६३ कार्डांचा आहे. कार्ड क्रमांक म्हणजेच हजेरी क्रमांक ठेवा. कार्डे जाड साध्या कागदावर छापा. टिकावीत म्हणून चकचकीत लॅमिनेशन केले, तर ट्यूबलाइट चमकते आणि कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. दुसरा घोळ बोटांचा : आकृतीवर अंगठा आला की कार्ड वाचले जात नाही.

खरी मेहनत प्रश्नात आहे. प्रत्येक चुकीचा पर्याय एका ठरावीक चुकीतून यायला हवा. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती? पाच षष्ठांश बरोबर. दोन पंचमांश म्हणणाऱ्याने अंश-छेद सरळ मिळवले, एक षष्ठांश म्हणणाऱ्याने गुणाकार केला, एक पंचमांश म्हणणाऱ्याने फक्त छेद मिळवले. उत्तर बघताच कोणाला काय समजवायचे ते कळते. हार्वर्डचे एरिक माझुर यांची पद्धत इथे उपयोगी पडते : बरोबर उत्तरे तीस ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान असतील, तर उत्तर न सांगता मुलांना दोन मिनिटे आपसांत वाद घालू द्या आणि पुन्हा मत घ्या. त्याहून कमी असतील तर पुन्हा शिकवा, जास्त असतील तर पुढे चला.

आमच्या वस्तीत घरात एकच फोन असतो, तो वडिलांसोबत कामावर जातो. रात्री नऊनंतर मुलांच्या हाती येतो. अभ्यास कसा पाठवावा? — प्राथमिक शिक्षिका, दिघा

व्हिडिओ पाठवू नका. दोन मिनिटांचा व्हिडिओ सहज दहा-पंधरा एमबी खातो, तेवढ्याच लांबीचा आवाजी संदेश काहीशे केबीत मावतो. आवाजी संदेशात तीनच गोष्टी सांगा : पान क्रमांक, काय करायचे, अडले तर कुठे बघायचे. सायंकाळी सातच्या आत पाठवा आणि मुदत निदान दोन दिवसांची द्या. फोन न मिळालेल्या मुलासाठी तोच मजकूर सकाळी वर्गाच्या दारावर चिकटवा. फोनशिवाय जो अभ्यास होणारच नाही, तो देऊ नका.

संगणक कक्षात मुले फोनसारखे पडद्यावर बोट फिरवून बघतात! यांना जन्मतःच सगळे येते म्हणतात, मग फाइल सेव्ह का करता येत नाही? — संगणक शिक्षक, कळवा

‘डिजिटल नेटिव्ह’ हा शब्द अमेरिकेतल्या मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये रूढ केला आणि तेव्हापासून हा गैरसमज बोकाळला. फोनवर फाइल कुठे आहे हे कधी विचारावेच लागत नाही. फोटो गॅलरीत, गाणे ॲपमध्ये, बाकी सगळे सर्चमध्ये. फोल्डरच्या आत फोल्डर ही कल्पनाच मुलांनी पाहिलेली नसते. म्हणून पहिले दोन तास संगणक सुरूच करू नका. जुने पुठ्ठ्याचे फोल्डर आणि कागदाच्या चिठ्ठ्या घ्या : इयत्ता, त्यात विषय, त्यात महिना. चिठ्ठीवर नाव नीट लिहिले नसेल तर ती सापडत नाही, हे हातानेच कळू द्या. तिसऱ्या तासाला तीच रचना संगणकावर. फाइलचे नाव कसे ठेवायचे ते फळ्यावर कायमचे लिहून ठेवा : हजेरी क्रमांक, विषय, तारीख. नाही तर पन्नास मुलांच्या पन्नास ‘अनटायटल्ड’ फाइली जमा होतात. दोन मुलांत एक संगणक असेल तर दर दहा मिनिटांनी माउस बदलायला लावा, नाही तर एकच मूल वर्षभर माउस धरून बसते.

मराठी टंकलेखनाला सुरुवात इनस्क्रिप्टने, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलकाने करा. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडताना हाच कळफलक निवडून घ्या, फोनेटिक पर्याय घेतलात तर पुढे दिलेल्या कळा जुळणार नाहीत. विंडोज आणि स्पेस या दोन कळा एकदम दाबल्या की भाषा बदलते. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. इंग्रजी ‘के’च्या कळीवर क, शिफ्ट धरले की ख. ‘ई’च्या कळीवर काना, ‘डी’वर हलन्त. पहिल्या दिवशी ‘काका’, ‘पापा’, ‘हार’ एवढेच लिहायचे, जोडाक्षरे दुसऱ्या आठवड्यात. रोज दहा मिनिटे, कळफलकावर रुमाल टाकून. शाळेच्या जुन्या संगणकांवर युनिकोडपूर्व (सगळ्या यंत्रांवर सारखे दिसणारी युनिकोड पद्धत येण्याआधीचे) फॉन्ट असतील तर त्यांत मुलांना लिहायला लावू नका. तिथे सुरेख दिसणारा निबंध घरच्या फोनवर उघडला की नुसती अगम्य चिन्हे दिसतात, आणि मुलाला वाटते आपलेच काहीतरी चुकले.